न पाठवलेलं पत्र

(1982 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, "तुला शाळेत अंतराळाचं वेड होतं, त्याच्यावरच बोल. वीस मिनिटं देतो." मी पाटबंधाऱ्यांच्या कामात छत्तीस-सदतीस वर्षं माती तुडवली. अंतराळाशी माझा संबंध पाऊस पडतो का नाही हे वर बघण्यापुरता. पण वेड होतं हे खरं. आपण नववीत होतो. 1980 चा जुलै. शाळा सुरू होऊन महिनाच झालेला. पेपर तेव्हा एसटीनं यायचा, गावात पोचेस्तोवर दुपार व्हायची. विज्ञानाच्या सरांनी मधल्या सुट्टीनंतर वर्गात पेपरच आणला आणि 18 जुलैला श्रीहरिकोटाहून एसएलव्ही-3 उडाल्याची, पस्तीस किलोचा 'रोहिणी' उपग्रह कक्षेत गेल्याची बातमी उभ्यानं वाचून दाखवली. पस्तीस किलो म्हणजे किती, तर मागच्या बाकावरच्या एकाकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याच्याएवढा." तो आज इथे बसलाय. आता त्याच्यात तीन रोहिणी बसतील.

सर समोरच बसलेत. सरांचा एक नियम तुम्हाला आठवत असेल. प्रयोगवहीत 'निरीक्षण' असा एक रकाना असायचा. आम्ही तो आदल्या दिवशीच पुस्तकातून भरून ठेवायचो. सर विचारायचे, "तू हे बघितलास का वाचलास?" वाचलं म्हटलं की लाल रेघ. मग म्हणायचे, "जे दिसलं तेच लिही. चुकीचं दिसलं तर चुकीचं लिही. सही मी करतो." हे मी मुद्दाम सांगून ठेवतोय, शेवटी लागणार आहे.

आज मी तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. त्याचं नाव रॉडनी रोशा. तो आपल्याकडचा नाही, अमेरिकेत ह्यूस्टनला नासाच्या जॉन्सन केंद्रात अभियंता होता. यानाची रचना, त्याचे सांगाडे, त्यांची ताकद हे त्याचं खातं. त्याचं नाव आपल्यातल्या फारच थोड्यांनी ऐकलं असेल. पण ज्या यानाशी ते जोडलं गेलं, ते यान सगळ्यांना माहीत आहे. 'कोलंबिया'. आपली कल्पना चावला ज्यात होती ते.

1 फेब्रुवारी 2003, शनिवार. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. मी तेव्हा लातूरला होतो, घरी जेवायची तयारी चाललेली आणि टीव्हीवर ते निळं आभाळ आणि त्यातून फुटत जाणाऱ्या पांढऱ्या रेघा. सोळा दिवसांची मोहीम संपवून यान उतरायला अवघी सोळा मिनिटं राहिली होती. सातजण होते. रिक हसबंड, विल्यम मॅकूल, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राऊन, लॉरेल क्लार्क, इस्रायलचे इलान रॅमन आणि कर्नालची कल्पना. माझी मुलगी तेव्हा पाचवीत. तिनं भिंतीवर कल्पनाचा फोटो चिकटवला होता. त्या रात्री ती मला एवढंच विचारत राहिली, "बाबा, कुणालाच आधी कळलं नाही का?"

मी म्हणालो, "नाही बेटा. एवढ्या उंचीवर कुणाला कळणार?"

मी चुकीचं सांगितलं होतं. कळलं होतं.

झालं होतं असं. 16 जानेवारीला यान उडालं. उड्डाणानंतर ब्याऐंशीव्या सेकंदाला बाहेरच्या मोठ्या इंधनटाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटला आणि यानाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. फोम म्हणजे काय, तर आपल्या टीव्हीच्या खोक्यात येतो तसल्या जातीचा हलका पदार्थ. तुकड्याचं वजन पाऊण किलो. पण तुकडा सुटून मागे पडला आणि यान त्याच्यावर जाऊन धडकलं. ताशी आठशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगानं. इतक्या वेगात फोम काय आणि दगड काय!

दुसऱ्याच दिवशी, 17 तारखेला, चित्रफिती तपासणाऱ्या गटानं हे पाहिलं. तुकडा मोठा होता, धडक जोरात होती, पण कॅमेऱ्याचा कोन असा की पंखाला काय झालं ते दिसेना. मग साधा उपाय होता. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे अशा दुर्बिणी आणि उपग्रह होते की कक्षेत फिरणाऱ्या यानाचे फोटो काढता येतील. फक्त मागायचे होते.

नुकसान तपासायला एक गट नेमला. रोशा त्याचा एक प्रमुख. यांच्याकडे हिशोब करायला एक संगणकीय साधन होतं, पण ते अगदी छोट्या तुकड्यांच्या चाचण्यांवर बेतलेलं. हा तुकडा त्याच्या कित्येकशे पट मोठा. म्हणजे बघा, गोट्या मोजायच्या काट्यावर आपण बैलगाडी चढवायची आणि काटा काय म्हणतो ते ऐकायचं. गटाला हे माहीत होतं, म्हणून तर ते फोटो मागत होते. 21 जानेवारीला बैठक झाली आणि रोशानं आपल्या वरिष्ठाला ई-मेल लिहिला. बाहेरच्या संस्थेची मदत मिळावी म्हणून आपण विनंती करू शकतो का, असं विचारलं. आणि 'विनंती'च्या पुढे कंसात आणखी एक शब्द टाकला. त्याचा अर्थ 'याचना', अगदी पदर पसरणं. चांगला शिकलेला, जाणता अभियंता, आपल्याच यानाचा फोटो मिळावा म्हणून कंसात पदर पसरतो. मी नोकरीत असताना असे कंस खूप लिहिलेत, म्हणून तो शब्द वाचून मी थांबलो.

आता पुढं काय झालं ते नीट ऐका. आपल्यातले निम्मे सरकारी नोकरीत होते, तुम्हाला ओळखीचं वाटेल.

वेगवेगळ्या लोकांकडून फोटोंची मागणी तीन वेळा झाली. संरक्षण खात्याकडे फोनही गेले, तिकडे हालचाल सुरूसुद्धा झाली. 22 तारखेला मोहिमेच्या व्यवस्थापनानं विचारलं की ही मागणी नेमकी कुणाची? अधिकृत गरज म्हणून कुणी नोंदवली आहे का? कुणीच पुढे आलं नाही. कारण रोशाच्या गटानं मागणी केली होती ती आपल्या अभियांत्रिकी खात्याच्या वाटेनं, आणि ती यायला हवी होती मोहिमेच्या वाटेनं. ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या रस्त्यानं आली नाही म्हणून ती गरज ठरली नाही, अभियंत्यांची हौस ठरली. मागणी रद्द झाली. कुणी फाईल दाबून ठेवली नाही, कुणी लाच मागितली नाही, कुणी वाईट माणूस नव्हता. प्रत्येकानं आपापल्या टेबलापुरतं बरोबर केलं.

त्या दिवशी रोशानं दुसरा ई-मेल लिहिला. तो कडक होता. फोटो न मागण्याचा निर्णय चुकीचा आहे, जवळजवळ बेजबाबदारपणाचा आहे, असं त्यात होतं. नासाच्या भिंतींवर सुरक्षेची पोस्टरं लावलेली असत, सुरक्षित नसेल तर तसं बोला, अशा अर्थाची. त्याची त्यानं आठवण करून दिली होती.

तो ई-मेल त्यानं छापला. एका सहकाऱ्याला दाखवला. आणि पाठवला नाही.

चौकशी मंडळानं नंतर विचारलं, का नाही पाठवला? तो म्हणाला, अधिकाराची साखळी ओलांडायची नव्हती. एकदा सांगून झालं होतं, पुढचा निर्णय वरच्यांचा. एका मुलाखतीत तर त्यानं सरळ कबूल केलं की मी फार खालच्या पायरीवर होतो, मला उठून बोलता आलं नाही.

24 जानेवारीला गटानं आपला निष्कर्ष मांडला. खोली इतकी भरली होती की लोक बाहेर व्हरांड्यात उभे होते. म्हणजे काळजी किती जणांना होती बघा. पण वरच्या बैठकीत जाईपर्यंत त्या सगळ्या 'जर' आणि 'तर'चा एक छोटा सारांश झाला आणि 'उड्डाणाच्या सुरक्षिततेला धोका नाही' एवढंच उरलं. आदल्या दिवशी कोलंबियातल्या लोकांनाही ई-मेल गेला होता की अशी धडक झाली आहे, काळजीचं कारण नाही. त्यांनी ते वाचलं आणि कामाला लागले.

ॲडमिरल गेहमन यांच्या मंडळाचा अहवाल 26 ऑगस्ट 2003 ला आला. त्याआधी जुलैत त्यांनी एक चाचणी घेतली. तसाच फोमचा तुकडा, तशाच वेगानं, पंखाच्या तशाच कडेवर मारला. कडेला सुमारे 40 सेंटिमीटरचं भगदाड पडलं. हात नव्हे, माणसाचं डोकं जाईल एवढं. अहवालात हेही आहे की वेळेत कळलं असतं तर 'अटलांटिस' यान, जे मार्चच्या उड्डाणासाठी तयार होतच होतं, ते रात्रंदिवस काम करून आधी पाठवायचा प्रयत्न करता आला असता. कोलंबियातला प्राणवायू आणि बाकी सामान पुरवून पुरवून वापरलं तर 15 फेब्रुवारीपर्यंत टिकणार होतं. सोपं नव्हतं. जमलंच असतं असंही नाही. पण त्या हिशोबात एकेक दिवस मोजलेला आहे, आणि ते दिवस कुठं गेले हे आपण आत्ता बघितलं.

इथं मी थोडं उलट बोलतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा सगळा दोष थांबण्याला देतोय. सरांनी ज्या एसएलव्हीची बातमी वाचून दाखवली तिची पहिली खेप आदल्या वर्षी, 10 ऑगस्ट 1979 ला, बंगालच्या उपसागरात पडली होती. कलामसाहेब तेव्हा मोहिमेचे प्रमुख. उड्डाणाच्या आधी काही मिनिटं संगणकानं 'थांबा' म्हटलं होतं. तज्ज्ञांनी हिशोब करून सांगितलं, चिंता नाही. कलामसाहेबांनी संगणकाला बाजूला सारून उडवलं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणात गळती होती, ते गेलं. ही गोष्ट त्यांनी स्वतःच पुढे शेकडो मुलांसमोर सांगितली. पत्रकार परिषदेत प्रश्नांना तोंड दिलं ते त्यांचे वरिष्ठ सतीश धवन यांनी, अपयश स्वतःच्या नावावर घेतलं. आणि पुढच्या वर्षी यश आलं तेव्हा म्हणाले, आता पत्रकारांसमोर तू जा. तेव्हा थांबायचं का पुढं जायचं हा प्रश्न घाईचा किंवा उशिराचा नाही. खालून जे दिसतंय ते वरपर्यंत जसंच्या तसं पोचतंय का, आणि पोचवणाऱ्याच्या पाठीशी कुणी उभं आहे का, एवढाच आहे. 28 जानेवारी 1986 ला 'चॅलेंजर' गेलं, त्याच्या आदल्या रात्रीही रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते थंडीत उडवू नका म्हणून सांगत होते. सतरा वर्षांत त्यांची पोस्टरं तेवढी वाढली.

आपण जिथं राहतो तिथला एक धागा सांगतो. आपला 'मेटसॅट' नावाचा हवामानाचा उपग्रह 2002 च्या सप्टेंबरात सोडला होता. कोलंबिया गेलं त्यानंतर चार दिवसांनी, 5 फेब्रुवारीला, त्याचं नाव 'कल्पना-1' ठेवलं. पुढची कितीतरी वर्षं टीव्हीवर ढगांची जी चित्रं आपण बघत होतो, त्यातली बरीच ह्या कल्पनाची. पाऊस मराठवाड्याला हुलकावणी देऊन कुठं चाललाय ते आपल्याला तीच दाखवायची. मी तर नोकरीसाठी रोज बघायचो.

आता नोकरीचा विषय निघालाच आहे तर माझं सांगतो. हे मी आजवर घरातसुद्धा नीट सांगितलेलं नाही.

1998 ची गोष्ट. मी शाखा अभियंता होतो. गावाचं नाव घेत नाही, कचेरीचं नाही, साहेबांचं तर नाहीच. एक छोटा तलाव माझ्याकडे होता. भादव्यात मोठे पाऊस झाले, तलाव भरला. मी पाहणीला गेलो तर भरावाच्या खालच्या अंगाला पाझर दिसला. पाझर असतोच, त्याला कुणी घाबरत नाही. नितळ पाणी येत असेल तर चालतं. हे गढूळ होतं. गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहून यायली. माझ्यासोबतचा चौकीदार अंगठेबहाद्दर, पण त्यालाही कळलं. तो म्हणाला, "सायेब, धरण पोटातून झिजायलंय."

मी कचेरीत येऊन तोंडी सांगितलं. उत्तर मिळालं की पुढच्या आठवड्यात वरचे साहेब पाहणीला येणार आहेत, तेव्हा बघू, आत्ताच कागद रंगवू नका, विनाकारण चौकशी लागते. मी रात्री घरी बसून पत्र लिहिलं. कार्बन घालून, दोन प्रतींत. गढूळ पाझर, जागा, अंदाजे किती लिटर, पाणी ताबडतोब सोडून पातळी खाली आणावी, खालच्या शेतकऱ्यांना सावध करावं. हे थेट वरच्या कचेरीला लिहिलं होतं. सकाळी बॅगेत घातलं. कचेरीत गेलो. जावक क्रमांक टाकणाऱ्या बाबूच्या टेबलापर्यंत गेलो. मग वाटलं, साहेबांना डावलून पत्र गेलं तर ते काय म्हणतील? आठवड्याचा तर प्रश्न आहे. पत्र टेबलाच्या खणात ठेवलं.

चौथ्या रात्री भराव फुटला. माणूस कुणी गेलं नाही, ही देवाची कृपा. अकरा एकर जमीन खरवडून गेली, खाली मुरूम उघडा पडला. एका शेतकऱ्याची बैलजोडी गोठ्यात बांधलेली होती, ती दाव्यासकट गेली. मी सकाळी पंचनाम्याला गेलो तेव्हा तो बांधावर बसला होता. त्यानं मला विचारलं, "सायेब, तुमाला आदी काई कळलं न्हवतं का?"

मी म्हणालो, "नाही."

पाच वर्षांनी माझ्या मुलीनं तोच प्रश्न मला विचारला आणि मी तेच उत्तर दिलं. त्यानंतर काही महिन्यांनी पेपरात त्या अहवालाची बातमी आली आणि त्यात हा रोशा आणि त्याचा छापून ठेवलेला ई-मेल भेटला. मी उठून कपाट उघडलं. बदल्यांमध्ये माझं किती सामान हरवलं, लग्नातला अल्बम हरवला, पण ते पत्र होतं. लोक रोशाला विचारतात, का पाठवला नाहीस? मी त्याला हे कधी विचारणार नाही. मला उत्तर ठाऊक आहे. त्यानं निदान चौकशी मंडळासमोर, सगळ्या जगासमोर सांगितलं. मला कुणी विचारलंच नाही. आमच्या चौकशीत निष्कर्ष निघाला, अतिवृष्टी.

गेल्या दिवाळीनंतर, निवृत्त झाल्यावर, मी त्या गावाला गेलो. तो शेतकरी आता ऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं. ओळख पटायला वेळ लागला. मी पत्र काढून दिलं. त्याच्या नातीनं ते मोठ्यानं, दोनदा वाचून दाखवलं. मला वाटलं होतं म्हातारा शिव्या देईल, नाहीतर जाऊ द्या म्हणेल. त्यानं ऐकून घेतलं, थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सायेब, हे मोठ्या सायबाला न्हाई दिलं तर न्हाई दिलं. जाता जाता मला नुसतं सांगितलं असतं तर मी बैलं तरी सोडून दिली असती."

सव्वीस वर्षं मी ह्याच विचारात होतो की पत्र वर पाठवायला हवं होतं. वर. एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर, पन्नास पावलांवर, त्याचा गोठा होता.

चहा घेतला, निघालो. नातीनं पत्र घडी करून परत दिलं. बारावीला आहे, विज्ञान शाखेला. तिनं विचारलं, "काका, 2005 साली परत याने उडवली तेव्हा त्यांनी काय बदललं?" मी वाटेत तिला सगळी गोष्ट सांगितली होती. मी सांगितलं की त्यांनी यानाला कॅमेरे लावलेला एक लांब दांडा दिला, कक्षेत गेल्यावर पंख आणि पोट आपलं आपणच तपासायचं. आणि अंतराळ स्थानकाजवळ पोचलं की यान एक कोलांटी घ्यायचं, आतले लोक त्याच्या पोटाचे फोटो काढायचे. ती म्हणाली, "म्हणजे मग फोटो मागावे लागत नव्हते." बरोबर. मग मागावे लागत नव्हते.

संयोजक घड्याळ दाखवायलेत. उठतो.

सर, ते पत्र मी आज बरोबर आणलं आहे. खाली आल्यावर तुमच्याकडे देतो. निरीक्षण बरोबर आहे, मी स्वतः बघून लिहिलंय. तारीख आहे, जागेचा नकाशा आहे. खाली सही मात्र नाही.